नावं नीट वाचायची

मे महिन्याच्या अखेरीला मेलबर्नमध्ये पाच वाजताच अंधारून येतं. 2023 ची गोष्ट. लेकीच्या शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही दहाबारा पालक आणि साधारण तेवढीच मुलं निलगिरीच्या डहाळ्यांच्या ढिगाभोवती बसलो होतो. खिडक्या बंद, हीटर चालू, त्यामुळे वास सगळ्या वर्गात कोंडलेला. लहानपणी सर्दी झाली की आई उकळत्या पाण्यात निलगिरीचे दोन थेंब टाकायची आणि डोक्यावरून टॉवेल पांघरायची. माझ्या डोक्यात तो वास अजून तापाचा आणि बुडालेल्या शाळेचा आहे. या झाडाची खरी माती ही, हे इथे येईपर्यंत माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

पुष्पचक्र बांधायचं होतं. 31 मे रोजी शहरातल्या ‘श्राइन ऑफ रिमेंबरन्स’ या युद्धस्मारकापाशी अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे इथल्या मूळनिवासी) सैनिकांचा स्मरणदिन होतो. शाळेतली काही मुलं ते पुष्पचक्र घेऊन तिथे जाणार होती, आणि आदल्या दिवशी शाळेच्या मैदानातही छोटा कार्यक्रम होता. सगळी जबाबदारी अकरावीतल्या एका कूरी मुलीवर होती. व्हिक्टोरिया (मेलबर्नचं राज्य) आणि न्यू साउथ वेल्समधले अनेक अ‍ॅबोरिजिनल लोक स्वतःला कूरी म्हणवतात. तिच्या मदतीला शाळेत अधूनमधून येणाऱ्या एक वयस्कर कूरी बाई होत्या. सगळे त्यांना आंटी म्हणत. आपण शेजारच्या बाईंना सहज काकू म्हणतो, तसं हे नाही. या समाजात आंटी किंवा अंकल होणं म्हणजे तुमच्या शब्दाला समाजाने वजन देणं.

दसऱ्याला तोरण ओवण्याची सवय असल्यामुळे डहाळ्या बांधायचं काम माझ्याकडे आपसूक आलं. चार-चार डहाळ्यांची जुडी, देठाशी सुतळीचे दोन फेरे, मग ती तारेच्या कड्यावर तिरपी बसवायची, म्हणजे पुढच्या जुडीची पानं आधीच्या गाठीवर येतात. आंटी बघत होत्या. “हात सवयीचा आहे,” म्हणाल्या. मग सांगितलं की पानं एकाच झाडाची ओरबाडलेली नाहीत, तीन ठिकाणांहून थोडी थोडी आणली आहेत, आणि आणताना झाडाला सांगितलंही आहे. माझी आजी संध्याकाळनंतर तुळशीला हात लावू द्यायची नाही. मला त्यांचं म्हणणं समजावून घ्यावं लागलं नाही.

हात चालत होते, गप्पाही चालू होत्या. त्या ओघात मी त्या मुलीला विचारलं, “पण तू तर गोरीच दिसतेस. म्हणजे नेमकी किती अ‍ॅबोरिजिनल?”

वर्गात कोणी मोठ्याने काही बोललं नाही. मुलीने हातातली कात्री खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, “पूर्ण.” थोड्या वेळाने आंटी माझ्या शेजारी येऊन बसल्या. “चहात दूध कितीही घाला,” त्या म्हणाल्या, “चहाच राहतो.” त्यांच्याकडे हे पुष्कळ जण म्हणतात, असं नंतर कळलं. त्यांनी मला रागावलं नाही. पण त्या मुलीला हा प्रश्न किती वेळा ऐकावा लागला असेल, हे तिच्या त्या एका शब्दातच कळलं होतं.

घरी आल्यावर मला झोप लागेना. मी वाचत बसले, आणि वाचता वाचता माझाच प्रश्न मला समोर सापडला.

ऑस्ट्रेलियाच्या 1903 च्या संरक्षण कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, जे ‘बव्हंशी युरोपीय वंशाचे’ नाहीत त्यांना सक्तीच्या लष्करी सेवेतून वगळलं होतं. पहिल्या महायुद्धात त्याच भाषेचा आधार घेऊन अ‍ॅबोरिजिनल तरुणांना भरतीच्या दारातून परत पाठवलं गेलं. तरी कित्येक जण घुसलेच. कुणी दूरच्या गावी जाऊन नाव नोंदवलं. कुणी आपण न्यूझीलंडचे माओरी आहोत असं सांगितलं, आणि कुणी चक्क भारतीय असल्याचं. हे वाचून मी थबकले. स्वतःच्या भूमीसाठी लढायला त्यांना माझ्या देशाचं नाव उसनं घ्यावं लागलं. मग 1916 मध्ये सक्तीच्या भरतीचं सार्वमत फसलं, माणसं कमी पडायला लागली, आणि मे 1917 मध्ये लष्कराने आदेश काढला: मिश्र वंशाच्या पुरुषांना घ्यायला हरकत नाही, मात्र आईवडिलांपैकी एक जण युरोपीय असल्याची तपासणाऱ्या डॉक्टरची खात्री पटली पाहिजे.

म्हणजे एक डॉक्टर समोर उभ्या असलेल्या तरुणाला खालीवर न्याहाळून ठरवणार की हा किती गोरा, किती काळा. रंगाचं हेच माप लावून इथे पिढ्यानपिढ्या लहान मुलं आयांपासून तोडून संस्थांत नेऊन ठेवली गेली. आणि सुतळीची गाठ मारता मारता तेच माप मी एका सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “आंटी म्हणाल्या, तुम्ही गाठी चांगल्या मारता. उद्या पण याल का?” मी गेले.

तिने मुलांकडून एक यादी करून घेतली होती. शाळेतल्या मुलांनी लष्करी नोंदी आणि युद्धस्मारकाची कागदपत्रं धुंडाळून व्हिक्टोरियातल्या अ‍ॅबोरिजिनल सैनिकांची नावं काढली होती. प्रत्येक नावापुढे पलटण होतीच, पण तिच्या हट्टाने आणखी एक रकाना घातला होता: तो कुठल्या लोकांचा. गुंडिचमारा, योर्ता योर्ता, गुनाइकुर्नाई. प्रत्येक अवघड नावावर पेन्सिलीने खुणा होत्या, कुठे आघात द्यायचा, कुठे थांबायचं. वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला तिने ती नावं आधी दहा-दहा वेळा म्हणायला लावली. एका मुलाने एक नाव घाईत गिळलं तर पुन्हा. “त्याला एकदा सैन्याने चुकीचं लिहिलं,” ती म्हणाली, “आपण चुकीचं म्हणायचं नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. विद्यार्थी-नेतृत्व म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वक्तृत्व स्पर्धा यायची, छातीवर बॅज, हातात माइक. ही मुलगी सगळा वेळ वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी उभी राहून ऐकत होती.

त्या यादीतल्या दोन नावांपाशी मी थांबले. विल्यम रेजिनाल्ड रॉलिंग्ज, गुंडिचमारा. हॅरी थॉर्प, गुनाइकुर्नाई. दोघांनाही शौर्याचं मिलिटरी मेडल. दोघेही फ्रान्समध्ये 9 ऑगस्ट 1918 या एकाच दिवशी पडले आणि दोघांच्या कबरी तिथल्या एकाच दफनभूमीत आहेत. रॉलिंग्जचं नाव पुढे नात्यातल्या एका मुलाला ठेवलं गेलं. तो रेजिनाल्ड, म्हणजे रेज सॉन्डर्स, 1944 मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्यातला, बरीच वर्षं पहिला मानला गेलेला, अ‍ॅबोरिजिनल अधिकारी झाला. ग्रीस, क्रीट, न्यू गिनी, नंतर कोरिया. क्रीट जर्मनांच्या हाती गेल्यावर गावकऱ्यांच्या आसऱ्याने तो जवळजवळ वर्षभर तिथे लपून राहिला होता. त्याचा धाकटा भाऊ हॅरी 1942 मध्ये न्यू गिनीत गोना इथे मारला गेला.

सॉन्डर्स भाऊ वाढले ते लेक कोंडा इथे, मेलबर्नच्या पश्चिमेला तीनशेहून जास्त किलोमीटरवर. तिथल्याच लव्हेट घराण्यातले पाच भाऊ पहिल्या महायुद्धात गेले: आल्फ्रेड, लिओनार्ड, फ्रेडरिक, एडवर्ड आणि हर्बर्ट. पाचही जण जिवंत परतले, हा आईच्या दृष्टीने केवढा चमत्कार असेल! त्यातले चौघे दुसऱ्या महायुद्धातही पुन्हा भरती झाले, आणि सोबत त्यांचा आणखी एक भाऊ, सॅम्युअल. युद्ध संपल्यावर सरकारने परतलेल्या सैनिकांना शेतीसाठी जमिनी दिल्या. लेक कोंडाची अ‍ॅबोरिजिनल वसाहतीची जमीनही त्यासाठी तोडून वाटली. हर्बर्ट लव्हेटने त्यात एक तुकडा मागितला. दोन्ही महायुद्धांत सैन्यात गेलेला माणूस स्वतःच्या पूर्वजांच्या जमिनीतला एक तुकडा मागत होता. अर्ज फेटाळला गेला.

मला इथे हिशेबाचं बोलावंसं वाटतं, कारण आम्ही मराठी माणसं जमिनीच्या बाबतीत भावनेइतकीच कागदाला किंमत देतो. आमच्या घराचे कागद माझ्याकडे फायलीत आहेत. मी गमतीने त्यांना आमचा सातबारा म्हणते. व्हिसा, मग पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, मग नागरिकत्व, मग बँकेचं कर्ज आणि मेलबर्नलगतच्या वेरिबीजवळ साडेतीनशे चौरस मीटरचा प्लॉट. सगळं नियमाप्रमाणे, कष्टाने. पण या देशात येऊन काही वर्षं झालेल्या मला जे मिळालं ते हर्बर्ट लव्हेटला मिळालं नाही, आणि तो तर या देशासाठी दोनदा सैन्यात गेला होता. त्या रात्रीनंतर ती फाइल उघडली की मला त्याचं नाव आठवतं. वेरिबी या शब्दाचा अर्थ इथल्या मूळ भाषेत पाठीचा कणा. नदीच्या वळणांवरून पडलेलं नाव असावं. आठ वर्षं मी ते नाव पत्त्यात लिहीत होते, आणि अर्थ मला त्या वर्षी लेकीने सांगितला.

शाळेच्या प्रत्येक सभेच्या सुरुवातीला इथे ‘ही भूमी ज्यांची, त्यांना आम्ही वंदन करतो’ अशा अर्थाची दोन वाक्यं म्हणतात. मी ती वर्षानुवर्षं ऐकत आले होते, विमानातल्या सुरक्षासूचना ऐकाव्यात तशी.

31 मे ला आम्ही काही पालक मुलांसोबत श्राइनला गेलो. बोचरी थंडी होती. मोठमोठे खांब आणि दगडी पायऱ्या असलेली ही वास्तू 1934 मध्ये उघडली. आत जमिनीत बसवलेला एक दगड आहे आणि दर 11 नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता छतातल्या झरोक्यातून सूर्यकिरण त्यावर कोरलेल्या ‘प्रेम’ या अर्थाच्या शब्दावर पडतो. हे गाइड सगळ्यांना सांगतात. समोरच्या बागेत चालत जाण्याच्या अंतरावर एक मोठा ग्रॅनाइटचा दगड आहे, तो पाहायला मात्र फारसं कोणी जात नाही. त्याखाली 38 अ‍ॅबोरिजिनल माणसांचे अवशेष आहेत. संग्रहालयाच्या कपाटांतून काढून 1985 मध्ये ते तिथे पुरले गेले. आंटींनी मुलांना आधी तिकडे नेलं. काही बोलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या, आम्हीही राहिलो, आणि मग सगळे श्राइनकडे वळलो.

हा स्मरणदिन उभा राहिला त्यामागे मेलबर्नजवळच्या हील्सव्हिल गावच्या आंटी डॉट पीटर्स आहेत. त्यांचे वडील व्हिन्सेंट पीटर्स दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत, बर्मा रेल्वेच्या कामावर मेले. मुलांना टोपल्या विणायला शिकवणारी ही बाई आपल्या वडिलांसारख्यांची आठवण कुणीतरी जाहीरपणे काढावी म्हणून मागे लागली. त्यांच्याच हील्सव्हिलला पूर्वी कोरँडर्क ही वसाहत होती. तिथल्या लोकांनी शेती करून, बिअरसाठी लागणारे हॉप्स पिकवून ती नावारूपाला आणली होती आणि आपली जमीन राहावी म्हणून एकोणिसाव्या शतकात शिष्टमंडळं घेऊन मेलबर्नपर्यंत पायी चालत गेले होते. त्या जमिनीचंही पुढे तेच झालं, परतलेल्या सैनिकांना वाटप. आणि तरीही त्या मातीतल्या माणसाची मुलगी युद्धस्मारकाच्या दारात येऊन म्हणते की आमच्याही लोकांचं नाव घ्या. अशा वेळी मन किती मोठं लागत असेल, याचा विचार मी त्या पायऱ्यांवर करत होते.

आधी धुरी झाली. हिरव्या पानांचा पांढरा, दाट धूर. माणसं एकेक करून त्यातून गेली, लहान बाळांनाही कडेवर घेऊन नेलं. बाळंतपणानंतर मला आणि लेकीला आजीने ओव्याची धुरी दिली होती, तशीच डोळ्यांत पाणी आणणारी. मग बिगुलावर लास्ट पोस्ट ही मृत सैनिकांच्या मानवंदनेची धून, शांतता, आणि तीन झेंडे. काळा-लाल पट्टा आणि मधे पिवळा सूर्य असलेला अ‍ॅबोरिजिनल झेंडा त्या राखाडी आभाळापुढे फार ठळक दिसत होता. आमचं पुष्पचक्र त्या मुलीने आणि आठवीतल्या एका कूरी मुलाने मिळून वाहिलं. माझी एक गाठ सैल झाली होती, एक डहाळी लोंबत होती. तिने वाकून ती तारेत खोचली आणि मागे आली.

परतीच्या ट्रेनमध्ये मला आमच्या गावची चावडी आठवली. सातारा जिल्ह्यातल्या कित्येक गावांसारखी आमच्याही गावात इंग्रजांनी बसवलेली एक पाटी आहे. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके कामी आले. आकडे आहेत, नावं नाहीत. माझ्या लहानपणी त्या पाटीवर निवडणुकीची पोस्टरं चिकटलेली असत. ते किती जण कोणत्या वाड्यातले, कोणत्या वाड्यातले नव्हते, मेसोपोटेमियात की फ्रान्समध्ये, कुणी कधी विचारलं नाही. आणि 1917 हे साल माझ्या मनात कुठेतरी टोचत होतं. मग लक्षात आलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती. माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये महारांची पलटण उभारली, आणि 1921 मध्ये मोडून टाकली. ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे, त्याच वर्षी, तेच. गरज पडली की बोलवायचं आणि भागली की दार लावायचं. भीमा कोरेगावच्या स्तंभावर 1818 च्या लढाईतली नावं कोरलेली आहेत आणि लोक दर 1 जानेवारीला तिथे का जातात, हे मला शाळेत कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ते मला मेलबर्नच्या लोकल ट्रेनमध्ये, एका कूरी मुलीने पेन्सिलीने खुणा केलेला कागद मांडीवर ठेवून बसलेली असताना समजलं.

त्याच मे-जून महिन्यांत त्या मुलीने आयुष्यातलं पहिलं मतदान केलं होतं. व्हिक्टोरियात ‘फर्स्ट पीपल्स असेंब्ली’ म्हणून मूळनिवासींची निवडून दिलेली सभा आहे, 2019 पासून. तिथे सोळाव्या वर्षी मत देता येतं. तिचा आनंद पाहून मला बरं वाटलं होतं. ऑक्टोबरच्या 14 तारखेला मात्र देशाचं सार्वमत झालं. मूळनिवासी समाजाचं म्हणणं संसदेपुढे मांडणारी एक सल्लागार समिती राज्यघटनेत आणावी का, एवढाच प्रश्न होता. मी हो म्हणून आले. सहाही राज्यांनी नाही म्हटलं, देशभरात साठ टक्क्यांच्या आसपास लोकांनी. तिला त्यात मत नव्हतं, अजून अठरा पूर्ण नव्हती.

सोमवारी लेक शाळेतून आली ती गप्प होती. म्हणाली, कूरी मुलांपैकी बरीच आलीच नाहीत. ती मोठी मुलगी आली होती. दुपारच्या सुट्टीत लहान कूरी मुलांना घेऊन ती हिरवळीवर नुसती बसून होती. माझ्या लेकीने जाऊन विचारलं, मी काय करू? ती म्हणाली, बस. लेक बसली. घंटा होईपर्यंत कुणी काही बोललं नाही, असं तिने सांगितलं. मला आठवलं की दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर विल्यम कूपर नावाच्या योर्ता योर्ता पुढाऱ्याने मंत्र्याला लिहिलं होतं: आम्हाला ना हक्क, ना जमीन, आमच्यापाशी लढण्यासारखं उरलंय ते एवढंच, की आमच्याकडून हिसकावलेल्या भूमीचं रक्षण करण्याचा मान. त्याचा मुलगा डॅनियल 1917 मध्ये बेल्जियममध्ये पडला होता. तेही नाव यादीत होतं, योर्ता योर्ताच्या रकान्यात.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा तो वर्ग, तोच ढीग, तोच वास. या वेळी मी कुणाला काही विचारलं नाही, नुसत्या गाठी मारल्या, घट्ट. ती मुलगी बारावीत होती. यादी आता मोठी झाली होती, आणि ती स्वतः वाचणार नव्हती. तिने कागद त्या मुलाच्या हातात दिला होता, ज्याने आदल्या वर्षी तिच्यासोबत पुष्पचक्र वाहिलं होतं. वर्षभर तो वाचायला तयार नव्हता. तो अडखळतो. ‘र’ आणि ‘ल’ एकापाठोपाठ आले की जीभ थांबते. तिने त्याला घाई केली नाही, दर गुरुवारी सुट्टीत पाच नावं, बस्स.

शाळेच्या मैदानात कार्यक्रम सुरू झाला आणि पाऊस आला. मेलबर्नचा तो तिरपा, गार, चावणारा पाऊस. कागद भिजला तर पेन्सिलीच्या खुणा जातील. त्या मुलीने मागे वळून बघितलं आणि माझ्या लेकीला हाक मारली. लेक पुढे झाली, काय करू म्हणून.

“छत्री धर,” ती म्हणाली. “कागदावर.”

मुलाने वाचायला सुरुवात केली. रॉलिंग्जपाशी तो थांबला. मैदानातली पाच-सहाशे मुलं गप्प. पाऊस छत्रीवर वाजत होता. माझ्या लेकीने हात ताणून छत्री त्याच्या कागदावर धरलेली, तिचा स्वतःचा उजवा खांदा पार भिजलेला, गणवेशाचा निळा रंग काळा पडलेला. मोठी मुलगी मागे, सगळ्यांच्या मागे, हाताची घडी घालून उभी. मुलाने श्वास घेतला आणि ते नाव पहिल्या अक्षरापासून पुन्हा म्हटलं.